उरलेलं मॉर्फिन, एक्सपायर झालेलं ट्रामाडॉल: तुमचे प्रश्न

अशोक चौकात माझं मेडिकल आहे. अल्प्राझोलम (चिंतेवरची गोळी) आणि ट्रामाडॉल (तीव्र वेदनांवरची गोळी) यांच्या मिळून ४० स्ट्रिप्स एक्सपायर झाल्यात. माल पुरवणारा स्टॉकिस्ट "पुढच्या महिन्यात बघू" म्हणतो. मागच्या अंगणात जाळून टाकू का?

जाळू नका. धुराचा त्रास आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काय जळालं हे नंतर कुणालाच दाखवता येत नाही. खरेदीच्या बिलात ५० स्ट्रिप्स, एच-वन रजिस्टरात १० ची विक्री, मग उरलेल्या ४० गेल्या कुठे? ही दोन्ही औषधं शेड्यूल एच-वनमधली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची आणि प्रत्येक विक्री वेगळ्या रजिस्टरात लिहायची. ते रजिस्टर १ मार्च २०१४ पासून लागू आहे आणि तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. ट्रामाडॉल तर २०१८ पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. तिथे हिशेब न लागणं ही किरकोळ चूक समजली जात नाही.

आज दुकान बंद करण्याआधी एवढं करा. कामगाराला समोर बसवून स्ट्रिप्स मोजा आणि बॅच नंबर, एक्सपायरी, नग लिहून दोघं सह्या करा. खोक्याला टेप लावा, वर 'मुदतबाह्य, विक्रीसाठी नाही' असं ठळक लिहा आणि खोकं कुलपात ठेवा. माल परत देताना चलन करा, पोच म्हणून सही-शिक्का घ्या. क्रेडिट नोट (परत दिलेल्या मालाची रक्कम जमा केल्याचा कागद) हातात येईपर्यंत ही नोंद उघडीच समजा. स्टॉकिस्ट तरीही टाळत असेल, तर कंपनीला आणि आपल्या एफडीए (अन्न व औषध प्रशासन) कार्यालयाला लेखी कळवा. फोनवरच्या बोलण्याचा पुढे काही उपयोग होत नाही.

वडील कॅन्सरने गेल्या महिन्यात गेले. घरात मॉर्फिनच्या गोळ्या आणि अंगाला चिकटवायचे फेंटानिलचे (हेही तीव्र वेदनाशामक) तीन पॅच उरलेत. शेजारच्या काकूंनाही तोच आजार आहे. त्यांना देऊ का? (अक्कलकोट)

ताई, तुमच्या मनातली माया कळते, पण देऊ नका. वडिलांचा डोस हळूहळू वाढवत नेलेला होता. सवय नसलेल्या माणसाचा श्वास तेवढ्या डोसने मंदावू शकतो, थांबूही शकतो. काकूंना दुखत असेल तर त्यांच्या डॉक्टरांना सांगा. २०१४ मध्ये एनडीपीएस कायदा बदलला तो अशा रुग्णांना मॉर्फिन रीतसर मिळावं म्हणूनच.

उरलेलं औषध ज्या रुग्णालयातून आणलं तिथे आधी विचारा. परत घेत असतील तर मोजून द्या आणि पावती घ्या. घेत नसतील तर गोळ्या शौचालयात टाकून फ्लश करा. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे २०२५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात फ्लश करायच्या १७ औषधांची यादी आहे आणि मॉर्फिन, फेंटानिल दोन्ही तिच्यात आहेत. पाण्यात औषध सोडणं मलाही आवडत नाही. पण ही औषधं घरातल्या लेकराच्या हाती लागली तर एकदा घेतली तरी जीव जाऊ शकतो, म्हणून हा मार्ग दिला आहे.

पॅचच्या बाबतीत फार जपा. तीन दिवस अंगावर राहून काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं. चिकट बाजू आत घेऊन मधोमध दुमडा, कडा बोटांनी दाबा, लगेच फ्लश करा आणि हात धुवा. वडिलांच्या खाटेखाली, उशीच्या अभ्र्यात एखादा वापरलेला पॅच चिकटून राहिलाय का तेही बघा. रांगणारं मूल तो उचलून तोंडात घालतं.

मी ओटी (ऑपरेशन थिएटर) सिस्टर आहे. फेंटानिलच्या अँप्यूलमधलं (इंजेक्शनच्या काचेच्या कुपीतलं) अर्धं उरतं. रजिस्टरवर साक्षीदाराची सही नंतर सवडीने घेतली तर चालते का?

नाही चालत. २ मिलीच्या अँप्यूलमध्ये १०० मायक्रोग्रॅम असतं. रुग्णाला ६० दिलं तर ४० उरतं. ते ४० साक्षीदाराने स्वतःच्या डोळ्यांनी सिरिंजमध्ये पाहायचं, मग तुम्ही ते गॉजमध्ये जिरवून पिवळ्या पिशवीत टाकायचं, आणि वेळ लिहून दोघींनी तिथेच सही करायची. रिकामी काच निळ्या डब्यात, पण आधी अँप्यूलची मोजणी जुळू द्या.

हे इतक्या आग्रहाने सांगण्याला कारण आहे. नोकरीत असताना एका रुग्णालयाचं रजिस्टर मी तपासायला घेतलं. सहा दिवसांच्या साक्षीच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने, एकाखाली एक. सही करणारी मुलगी प्रामाणिक होती, पण 'वरिष्ठांनी सांगितलं' म्हणून तिने एका बैठकीत सगळ्या उरकल्या होत्या. त्यातल्या दोन दिवशी तर ती रजेवर होती. उरलेलं औषध खरंच टाकलं की कुणी नेलं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या मुलीचा चेहरा अजून आठवतो. सिस्टर, न पाहिलेल्या गोष्टीवर सही करू नका, मागणारे सर्जन असले तरी.

बीपी-शुगरच्या जुन्या गोळ्याही फ्लश करायच्या का?

नाही. फ्लश फक्त त्या यादीतल्या औषधांसाठी. बाकीच्या गोळ्या घरगुती घातक कचऱ्यात मोडतात. त्या वेगळ्या पुडीत बांधून, 'जुनी औषधं' असं लिहून घंटागाडीवाल्याच्या हातात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळू नका, आणि अँटिबायोटिक मोरीत तर अजिबात ओतू नका. स्ट्रिप देण्याआधी कात्रीने आडवी कापा. अख्खी स्ट्रिप उचलून पुन्हा विकायला नेणारे लोक आहेत.