बिल वाढलं, पण खातंय कोण?

प्रश्न : दादा, घरात माणसं तेवढीच, वस्तू त्याच, फक्त मध्यंतरी मोठा टीव्ही घेतला आणि तेव्हापासून महिन्याचे २१० युनिट होते ते २९० वर गेलेत. हे म्हणतात टीव्हीच खातोय, सासूबाई म्हणतात मी गीझर बंद करायला विसरते. रोज त्यावरून वाद. नक्की कोण खातंय ते शोधायचं कसं?

उत्तर : ताई, आधी टीव्हीला जामीन देऊन टाका. मागच्या स्टिकरवर वॉट लिहिलेले असतात, समजा १२० आहेत आणि रोज ५ तास चालतो, तर १२० गुणिले ५ म्हणजे ६००, त्याला १००० ने भागलं की ०.६ युनिट, महिन्याचे झाले १८. आणि जुना टीव्ही काय हवेवर चालत होता का, त्याचेही काहीतरी होतेच की. म्हणजे ८० युनिट काही त्याने खाल्लेले नाहीत.

अजून एक, बिलावर मागच्या आणि आताच्या रीडिंगच्या तारखा बघा. मागचं बिल २८ दिवसांचं आणि हे ३५ दिवसांचं निघालं तर घरात काहीही न बदलता २५ टक्के वाढ तिथेच झाली. रीडिंग खरंच घेतलंय की सरासरीने ठोकून दिलंय तेही बघून घ्या.

ते सगळं ठीक असेल तर मग मीटरपाशी जा. मीटरवर एक लाल दिवा ब्लिंक होत असतो आणि त्याच्या आसपास ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो, म्हणजे १ युनिट जळायला दिवा तेवढ्या वेळा ब्लिंक होतो. ३२०० वाला असेल तर ११२५ ला दोन ब्लिंकमधल्या सेकंदांनी भागायचं, आले तुमचे वॉट (१६०० वाला असेल तर २२५० घ्या). दर १० सेकंदांनी ब्लिंक होतोय म्हणजे ११२ वॉट, सेकंदात दोनदा होतोय म्हणजे २२५०, नक्की गीझर नाहीतर इस्त्री चालू आहे. एकाच ब्लिंकवर जाऊ नका, १० ब्लिंकला किती वेळ लागला ते मोबाईलवर मोजा आणि १० ने भागा.

आता गंमत बघा, महिन्याला ८० युनिट जास्त म्हणजे दिवसाला साधारण पावणेतीन, म्हणजे चोवीस तास सलग ११० वॉट कुणीतरी ओढतंय. नाहीतर रोज दीडेक तास गीझर जास्त चालतोय, पण तसं असेल तर घरात कुणाच्या तरी लक्षात येतंच. चोवीस तास गुपचूप खाणाराच सापडत नाही, म्हणून त्याला रात्री पकडायचा. झोपताना रीडिंग लिहा, उठल्यावर काही चालू करायच्या आधी परत लिहा. ७ तासात ७५ वॉटचे दोन पंखे, फ्रिज आणि राउटर मिळून दीड-पावणेदोन युनिट व्हायला हवेत (एसी लावत नसाल तर हां), सव्वादोन-अडीच झाले तर चोर घरातच आहे.

माझ्याच घरचं सांगतो. मी दोन महिने मुलाच्या कॉम्प्युटरला शिव्या घालत होतो, एका रात्री सगळे स्विच बंद केले, फ्रिजचा प्लगसुद्धा काढला, तरी दिवा दर ६ सेकंदांनी ब्लिंक होतोच आहे, म्हणजे १८७ वॉट! टॉर्च घेऊन घरभर फिरलो आणि शेवटी जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटरीवर हात ठेवला तर ही गरम. झाकणं काढली तर पाणी पार तळाला, बॅटरी म्हातारी झालेली, चार्जिंग कधी पूर्णच होत नव्हतं आणि इन्व्हर्टर बिचारा रात्रंदिवस चार्ज करत बसलेला. दिवसाला साडेचार युनिट, आणि बोलणी कोण खात होतं तर पोरगा.

तुमच्याकडे इन्व्हर्टर नसेल तर माझा पहिला संशय फ्रिजवर. दारात कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा, अलगद निघून आला तर तिथलं रबर गेलं, असं चारही बाजूंनी करा. रबर गेलं की बाहेरची गरम हवा आत येत राहते आणि कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. चांगला फ्रिज दिवसाला युनिटभर घेतो, तोच १२० वॉटचा कॉम्प्रेसर न थांबता चालला तर २.९ युनिट. महिन्याचे ५७ जास्तीचे तिथेच गेले, उरलेले गीझरवर टाका आणि सासूबाईंचंही थोडं खरं करा.

प्रश्न : गीझर दिवसभर चालू ठेवला तर कमी वीज लागते, परत परत तापवायला जास्त लागते असं ऐकलंय. खरं आहे का?

उत्तर : नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला ०.६ युनिट लागतो, २००० वॉटच्या गीझरला जेमतेम १८ मिनिटं. चालू ठेवला की टाकीतून उष्णता बाहेर जात राहते आणि तेवढी भरून काढायला तो दिवसभर मधूनमधून पेटत राहतो. बंद ठेवला की पाणी थंड होत जातं तशी ही गळतीही कमी होत जाते, साधा हिशोब आहे. मात्र गरम पाण्याचा नळ ठिबकत असेल तर तो आधी दुरुस्त करा, तापवलेलं पाणी थेंबाथेंबाने गटारात चाललंय.

प्रश्न : मोबाईलचे चार्जर सॉकेटलाच राहतात, त्याने किती फरक पडतो?

उत्तर : नुसता लटकलेला चांगला चार्जर अर्धा वॉटसुद्धा घेत नाही, महिन्याला पाव-अर्धा युनिट. त्यावरून भांडू नका. रिमोटने बंद केलेला सेट टॉप बॉक्स बघा, हात लावला तर कोमट लागतो, १२ वॉट धरले तरी महिन्याला साडेआठ युनिट.

प्रश्न : सॉकेटला लावायचा वीज बचतीचा डबा घ्यावा का?

उत्तर : अजिबात नको. तो पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी किती खरंच कामाला येतो ते प्रमाण) सुधारतो म्हणतात, पण घरचा मीटर किलोवॉट-तास म्हणजे आपले युनिटच मोजतो, त्यात याने काही कमी होत नाही. उलट डब्यावरचा हिरवा दिवा तुमच्याच विजेवर जळतो.

प्रश्न : घरातलं सगळं बंद केलं तरी मीटर ब्लिंक होतोय. मीटर खराब आहे का?

उत्तर : सगळं म्हणजे काय? आधी मेन स्विच पाडा. तरी ब्लिंक चालू असेल तर एकतर मीटरमध्ये दोष, नाहीतर मीटर आणि मेनच्या मध्ये कुणीतरी तार जोडलीय, वीज ऑफिसात मीटर टेस्टिंगचा लेखी अर्ज द्या. मेन पाडल्यावर ब्लिंक थांबला तर मीटर बरा आहे, दोष घरात आहे. मग सगळे प्लग काढा, सगळे एमसीबी (बोर्डातले प्रत्येक सर्किटचे छोटे खटके) पाडा, मेन लावा आणि एक एक एमसीबी वर करत बघा कुठला लावल्यावर ब्लिंक सुरू होतो.

बऱ्याचदा गीझरची कॉइल चिरलेली निघते आणि करंट अर्थिंगमध्ये जात असतो. स्विच बंद असून कसा जातो म्हणाल, तर वायरमनने स्विच चुकून न्यूट्रलवर (वीज परत नेणाऱ्या तारेवर) बसवला असेल तर फेज (वीज आणणारी तार) गीझरपर्यंत पोचलेलीच असते. हे नुसतं बिलाचं नाही, जिवाचं काम आहे, तोवर त्या गीझरचं पाणी घेऊ नका आणि बोर्ड स्वतः उघडू नका. वायरमनला क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखा धरून करंट मोजायचा मीटर) घेऊन यायला सांगा, त्या सर्किटच्या फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र क्लॅम्पमध्ये धरल्या की शून्य यायला हवं, आलं नाही तर लीकेज पक्कं. आणि घरात आरसीसीबी (करंट लीक झाला की वीज तोडणारा खटका) नसेल तर त्याच खेपेत बसवून घ्या, असता तर हा करंट वाढता वाढता त्याने आधीच ट्रिप केलं असतं.