चौथीतल्या मुलाला बालवाडीचं पुस्तक? द्या की!

एप्रिल लागला की या पानावर एकच प्रश्न येतो, सुट्टीत पोरांना वाचायला काय द्यायचं. आपल्याकडं कर्नाटकात शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातच बंद होतात आणि मे संपता संपता परत घंटा, म्हणजे कोल्हापूर-पुण्याची मावसभावंडं येईतोवर आपल्या पोरांची निम्मी सुट्टी गेलेली असते, तोवर खेळायला कोण नाही आणि हातात मोबाईल. यावेळी तीन पत्रं घेतलीत.

प्रश्न: मुलगा चौथीला आहे, इंग्लिश मीडियम. घरात सगळे मराठीच बोलतो. शाळेत हिंदी आहे म्हणून अक्षरं येतात त्याला, पण मराठी गोष्टीचं पुस्तक दिलं की दोन ओळीत कंटाळतो. दुकानात वय सांगून पुस्तकं आणली, ती तशीच पडून आहेत. काय करू? (एक आई, शहापूर, बेळगाव)

उत्तर: ताई, पुस्तकावर छापलेलं वय विसरा बघू आधी. ते वय पहिलीपासून मराठीत शिकलेल्या मुलाचं असतंय. तुमचा मुलगा बोलायला नऊ वर्षांचा आहे पण मराठी वाचायला सहा वर्षांचा, आणि त्यात त्याची काही चूक नाही. हिंदीमुळं अक्षरं येतात हे खरं, पण अडतंय कुठं ते शेजारी बसून बघा एकदा. माझा भाचा असाच, बोट ठेवून वाचत होता, 'दुसऱ्या' आलं की थांबला, तो मिशीसारखा आडवा र त्यानं हिंदीत कधी बघितलाच नव्हता. पुढं 'चाक' आलं तर वाचला 'च्याक' आणि मला विचारतो, "च्याक म्हणजे काय गे आत्या?" मी दारातल्या त्याच्या सायकलकडं बोट केलं. "हां, चाक! मग तसं लिहायचं की!" आता काय सांगणार त्याला, आपल्याकडं च दोन तऱ्हेनं म्हणतात पण लिहितात एकच. हिंदीत आणि कन्नडात तसं नाही, त्यामुळं हा घोळ आपल्या भागात घरोघरी. म्हणजे शब्द पोराला माहीत असतो, रोज बोलतो तो, फक्त कागदावर ओळख पटत नाही.

म्हणून पुस्तक दोन पायऱ्या खालचं घ्यायचं. माधुरी पुरंदरेंचा 'राधाचं घर' हा छोट्या पुस्तकांचा संच आहे, घरातली माणसं, मोठी चित्रं, मोजकी वाक्यं. चौथीतला मुलगा म्हणेल हे बाळांचं आहे, तर त्याला सांगा धाकट्या बहिणीला वाचून दाखव, नाहीतर शेजारच्या कुणाला तरी. मोठेपणा पण मिळतो आणि वाचून पण होतं (ही युक्ती आमच्या गल्लीत तीन घरांत चालली, चौथ्या घरात बहिणीनंच ऐकायला नकार दिला ते सोडा).

पैसे नसतील घालायचे तर 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाची 'स्टोरीवीव्हर' ही वेबसाईट आहे, मोफत. चार पातळ्या आहेत गोष्टींच्या, तुम्ही पहिल्या-दुसऱ्या पातळीपासून सुरू करा. बऱ्याच गोष्टी मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्हीत सापडतात. आधी इंग्लिशमध्ये वाचू दे, मग तीच मराठीत, गोष्ट माहीत असली की अनोळखी शब्दाला घाबरत नाहीत मुलं. त्याला आवडलेल्या एकदोन प्रिंट काढून हातात द्या, मोबाईलवर ठेवलात तर गोष्ट संपायच्या आत गेम सुरू होतोय.

आणि वरच्या वयाची ती आणलेली पुस्तकं टाकू नका, ती तुम्ही वाचून दाखवा. कानानं तो नऊ वर्षांचाच आहे ना. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या, फुरसुंगीचा बनेश, सायकल आणि भानगडी. रात्री एक प्रकरण वाचायचं आणि नेमकं रंगात आलं की पुस्तक मिटायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतः उघडून बघतोय का नाही बघा.

प्रश्न: नातीला आठव्या वाढदिवसाला 'श्यामची आई' दिलं. आमच्या पिढीनं या पुस्तकावर डोळे गाळले. तिनं चार पानं वाचून ठेवून दिलं. हल्लीच्या मुलांना असलं आवडतच नाही का? (एक आजोबा, निपाणी)

उत्तर: काका, रागावू नका पण ते पुस्तक तुम्ही हातात दिलंत, सांगितलं नाहीत. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि त्याची रचनाच बघा, प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, 42 रात्री. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणजे ते आहेच मुळी ऐकायचं पुस्तक! निपाणीत करंट गेला की गच्चीवर बसता ना, तेव्हा एक रात्र सांगा. सगळ्या 42 चा हट्ट नको, आठ वर्षांच्या पोरीला पाचसहा पुरेत. तिला स्वतःला वाचायला 'किशोर' द्या, बालभारतीचं मासिक, 1971 पासून निघतंय आणि जुने अंक त्यांनी मोफत ऑनलाईन ठेवलेत. तुमच्या सुनेच्या लहानपणीचा अंक शोधून दाखवा तिला, आईच्या वेळचं म्हटलं की पोरं आवर्जून बघतात.

प्रश्न: मी नववी झाले, कन्नड मीडियम, घरी मराठी. दहावीचे क्लास सुरू झाल्यावर गोष्टी वाचायच्या नाहीत म्हणून बाबांनी सांगितलंय, म्हणजे हीच सुट्टी आहे. जाड पुस्तक नको. (एक मुलगी, खानापूर)

उत्तर: मग वेळ घालवू नकोस गं. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' घे, 1949 सालचं आहे पण जुनं वाटत नाही. एकेक माणूस थोड्या पानांत संपतो, त्यामुळं मधेच आईनं काजू सोलायला बसवलं तरी धागा तुटत नाही. ते आवडलं तर त्यांचीच 'बनगरवाडी', एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो ती कादंबरी, जाड नाही. विज्ञान आवडत असेल तर जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी', बाबांना सांग सायन्सच आहे, खोटं नाही त्यात काही.

आणि पुलंच्या 'गणगोत' मधलं 'रावसाहेब' वाचच. पुलं बेळगावात आरपीडी कॉलेजात शिकवायला होते आणि हा रावसाहेब म्हणजे इथलाच अस्सल माणूस, मराठी बोलतो पण सगळं कन्नड वळणानं, शिव्या भरपूर. पुण्यातल्या मैत्रिणींना त्यातली गंमत निम्मीच कळते, तुला सगळी कळेल, कारण तू दोन्हीत वाढलीस. शिव्यांचं पान आलं की मोठ्यानं वाचू नकोस एवढंच, बाबा घरात असताना.