आयएनएस दिल्ली आधी ब्रिटिश क्रूझर होती का? असं सेकंडहँड जहाज घेणं चूक होती का?

होती. एचएमएस अकिलिस नावाची क्रूझर, म्हणजे तोफांची वेगवान मोठी युद्धनौका. एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण तुम्ही सेकंडहँड म्हणालात म्हणून टाईप करत बसलोय.

माझे अण्णा दिल्लीवर स्टोकर होते, म्हणजे बॉयलर सांभाळणारे. १९८५ च्या गणपतीत गावी आरतीनंतर प्रसाद वाटताना आमचे आतोबा सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमची दिल्ली म्हणजे इंग्रजांनी वापरून टाकलेलं भंगार." अण्णांनी ताट खाली ठेवलं आणि खळ्यात जाऊन बसले ते जेवायलाही उठले नाहीत, आईने दोनदा हाक मारली तरी नाही. मी कॉलेजात होतो, मला एक वाक्य सुचलं नाही, ते अजून सलतंय.

तर आतोबा, ऐका. १३ डिसेंबर १९३९, दक्षिण अमेरिकेजवळची रिव्हर प्लेटची लढाई. जर्मन युद्धनौका ग्राफ श्पेकडे ११ इंची तोफा, आणि ही आपल्या ६ इंची आठ तोफा घेऊन तिच्या अंगावर गेली, बरोबर एजॅक्स आणि एक्झिटर या ब्रिटिश क्रूझर. एक्झिटर पार खिळखिळी झाली, अकिलिसवर ४ जण गेले, पण चार दिवसांनी उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदराबाहेर ग्राफ श्पेच्या कॅप्टनने स्वतःचं जहाज स्वतःच बुडवलं. १९४३ ला पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाजवळ जपानी बॉम्बने हिचा मागचा एक टरेट, म्हणजे तोफांचा फिरता बुरूज, उडवला, दुरुस्त होऊन परत युद्धात. १९४८ ला आपल्याकडे, १९५० ला नेहरू हिच्यावरून इंडोनेशियाला गेले, १९६१ ला पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दीववर तोफा चालवल्या. त्या लढाईवर इंग्रजांनी सिनेमा काढला तेव्हा अकिलिसचं काम करायला हिलाच बोलावलं, भंगाराला कोण बोलावतं?

आता खरं बोलायचं तर दीवला पाण्यात हिच्या तोडीचं समोर कोणी नव्हतं. शेवटची वर्षं ट्रेनिंगलाच वापरली आणि १९७८ ला निवृत्त. घेणं चूक की बरोबर हे पैशांचा हिशोब येणाऱ्यांनी सांगावं. पण नव्या नेव्हीला क्रूझर चालवायची कशी हे शिकायला क्रूझरच लागते, एवढं मला कळतं. आणि तुमच्या घरात कुणी असं बोललं तर तिथल्या तिथे बोला, चाळीस वर्षं थांबू नका.

ही मधे न्यूझीलंडच्या नेव्हीतही होती, म्हणून हिचा एक टरेट भारताने न्यूझीलंडला भेट दिला, ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नेव्हल बेसच्या दारात ठेवलाय. भाच्याने गेल्या वर्षी फोटो पाठवला. अण्णा आता नाहीत, म्हणून मी तो आतोबांना फॉरवर्ड केला. निळ्या टिका लगेच आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात.