रँडलचा जुना हातघडणीचा सुरा संग्रहासाठी घेताना काय पाहावे?

आपण लिहिले आहे की, नोकरीनिमित्त अटलांटात राहत असताना एका दिवंगत सैनिकाच्या घरच्यांकडून फ्लोरिडातील रँडल या कारखान्याचा जुना ‘मॉडेल १’ सुरा आपल्याला मिळतो आहे. त्याच्या म्यानाला तपकिरी बटण आहे, पितळी परज (पाते आणि मूठ यांच्यामधली आडवी पट्टी) हिरवट पडली आहे आणि घरची मंडळी तो घासूनपुसून चकचकीत करून देण्यास तयार आहेत. संग्रहाची सुरुवात या सुऱ्यापासून करावी का आणि तो किती जुना आहे हे कसे ओळखावे, असा आपला प्रश्न आहे. धातुशास्त्र हा माझा व्यवसाय आहे, गेली एकोणीस वर्षे मी फ्लोरिडात राहतो आणि रँडलचे जुने सुरे जमवतो. माझे मत असे आहे की, सुरा आणि म्यान मूळचे एकमेकांचेच असतील तर तो अवश्य घ्यावा. मात्र कोणी त्याला घासण्याआधी घ्यावा.

वॉल्टर डोन ऊर्फ ‘बो’ रँडल हे ऑर्लँडोचे संत्र्या-मोसंब्यांचे बागायतदार होते. मिशिगनमधील वॉलून सरोवराकाठी एक मनुष्य होडीचा जुना रंग सुऱ्याने खरवडताना त्यांना दिसला, आणि इतके खरवडूनही त्या पात्याला काहीच झाले नव्हते. तो सुरा बिल स्केगल या सुरे घडवणाऱ्या कारागिराच्या हातचा होता. रँडल यांनी तो विकत घेतला आणि १९३७ साली मोटारीच्या स्प्रिंगच्या पोलादातून स्वतःचा पहिला सुरा घडवला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या मागण्या येऊ लागल्या आणि त्यांतूनच मॉडेल १ आकाराला आला. पुढे कोरिया आणि व्हिएतनामच्या युद्धांतही हे सुरे सैनिकांनी स्वतःच्या पैशांनी मागवून नेले. रँडल १९८९ साली निवर्तले. कारखाना आजही त्यांच्या कुटुंबाकडे आहे आणि नव्या सुऱ्यासाठी काही वर्षे थांबावे लागते.

जुना सुरा ओळखण्यातली खरी अडचण या कारखान्याच्या सातत्यातून येते. पोलाद तापवायचे, घणाखाली घडवायचे, मग घासून आकार द्यायचा आणि पाणी द्यायचे (तापलेले पोलाद एकदम गार करून कडक करण्याला आपण मराठीत ‘पाणी देणे’ म्हणतो, येथे ते तेलात दिले जाते), ही पद्धत दशकानुदशके तशीच चालत आली आहे. मॉडेल १ ची ठेवणही फारशी बदललेली नाही. त्यामुळे नवखा संग्राहक पात्याकडे आणि त्यावरच्या ‘रँडल मेड, ऑर्लँडो, फ्लोरिडा’ या ठशाकडे तासन्‌तास पाहत बसतो, आणि वय मात्र पात्याभोवतीच्या वस्तूंवर लिहिलेले असते.

त्यांत सर्वांत बोलके असते ते म्यान, कारण ते या कारखान्यात होत नसे. बाहेरचे चर्मकारागीर ते करून देत, आणि ते कारागीर काळानुसार बदलत गेले. महायुद्धानंतर साधारणपणे १९६० च्या आसपासपर्यंत डेन्व्हर येथील हायझर यांची म्याने येत. त्यानंतर टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या जॉन्सन यांच्याकडे हे काम गेले आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. मग फ्लोरिडातील टँपाच्या सुलिव्हन यांची म्याने आली. जॉन्सन यांच्या सुरुवातीच्या म्यानांची मागची बाजू खरखरीत, न घोटलेली असते आणि त्यांवर तपकिरी बटण असते. पुढे बटण बदलले आणि मागची बाजूही गुळगुळीत झाली. आपल्याला सांगितलेले तपकिरी बटण खरे असेल आणि मागचे चामडे खरखरीत असेल, तर ते म्यान साठच्या दशकाच्या पूर्वार्धातले असण्याचा संभव मोठा आहे. पण म्यान जुने असले म्हणून त्यातला सुरा तितकाच जुना ठरत नाही. म्यानाच्या मागे बहुधा मॉडेलचा क्रमांक आणि पात्याची लांबी इंचांत ठोकलेली असते. ती प्रत्यक्ष पात्याशी जुळते का, हे मोजपट्टी लावून पाहावे. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेल्या जोडीत परजेचा ठसा म्यानाच्या तोंडाशी उमटलेला असतो आणि सुरा सरकवताच अडखळल्याशिवाय आपल्या जागी बसतो. ही खूण मला कोणत्याही कागदापेक्षा अधिक विश्वासाची वाटते, कारण जुळवाजुळव केलेल्या जोडीत ती उतरवणे फार कठीण असते.

त्यानंतर मूठ पाहावी. मॉडेल १ ची मूठ बहुधा चामड्याच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली असते. या चकत्यांच्या दोन्ही टोकांना लाल, पांढऱ्या, निळ्या पातळ चकत्या असतात आणि शेवटी ड्युरॅल्युमिनची (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची) टोपी असते. चामडे काळानुसार आक्रसते. म्हणून जुन्या मुठीवर बोट फिरवले असता चामडे परजेच्या आणि टोपीच्या पातळीखाली किंचित उतरलेले जाणवते. सगळे अगदी समपातळीत लागले, तर मूठ अलीकडे कोणीतरी घासून सारखी केली आहे किंवा बदलली आहे, असे धरून चालावे.

पात्याच्या बाबतीत माझी दृष्टी बाजारापेक्षा थोडी वेगळी आहे. एकदाही धार न लावलेल्या पात्याला बाजार अधिक किंमत देतो. मला सैनिकाने खरोखर वापरलेला, हाताने सावकाश धार लावलेला सुरा अधिक मोलाचा वाटतो. यंत्राच्या चाकावर लावलेली धार मात्र टाळावी. त्यात टोकाचा आकार बदलतो, लांबी घटते आणि पाते तापले असेल तर धारेजवळचे पोलाद मऊ पडते, मग दिलेले पाणी गेल्यासारखेच होते. पात्यावर सैनिकाचे नाव कोरून देण्याची सोय कारखान्यात होती. तसे नाव असेल, तर त्या अक्षरांवर बाकीच्या पात्याइतकीच काळाची छटा आहे ना, हे भिंगाखाली पाहावे.

घासण्याविषयी मी इतक्या आग्रहाने का लिहितो, तेही सांगतो. मी घेतलेल्या पहिल्या जुन्या सुऱ्याची परज अशीच हिरवट होती. पितळेची भांडी चिंचेने घासतात तशी मी ती चिंचेने घासली आणि पात्यावरचे करडे डाग बारीक पॉलिशकागदाने काढले. अर्ध्या तासात सुरा लखलखला आणि त्याच्यावरची चाळीस वर्षे पुसली गेली. ठशाच्या कडा बोथट झाल्या, आणि घडवणाऱ्याच्या हाताने सोडलेल्या बारीक रेघा गेल्या, त्या कशानेही परत येत नाहीत. तो सुरा मी विकला नाही, कारण विकताना मला त्याचे खरे वर्णन करावे लागले असते आणि ते वाचून योग्य माणसाने तो घेतलाच नसता. पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकते, हे आपण घरी पाहिलेले असते. परजेवरचा हिरवा थर त्याच जातीचा आहे. चामड्यातील आम्ले आणि ओल यांनी तो धरतो. मऊ सुती फडके, थोडे खनिज तेल आणि फार तर लाकडाची टोकदार काडी, एवढ्याने सुटेल तितकाच काढावा. पोलादावरची करडी-निळसर छटा निरुपद्रवी असते, तिला हात लावू नये. लाल गंज मात्र वाढतो, तो तेलाने भिजवून थांबवावा लागतो. घरी आणल्यावर सुरा म्यानात ठेवू नये, कारण चामड्यात ओल साठते आणि कार्बन पोलादाला खड्डे पडतात. पात्यावर मेणाचा पातळ हात फिरवून सुरा कापडात गुंडाळावा आणि म्यान त्याच्याशेजारी वेगळे ठेवावे.

पुढे संग्रह वाढवताना शिंगाच्या मुठींचे सुरे आपल्यासमोर येतील. रँडल आणि त्यांच्या काळातल्या इतर अमेरिकी घडवणाऱ्यांच्या सुऱ्यांवर दिसणारे ते खडबडीत, पिवळसर-तपकिरी शिंग पुष्कळदा भारतातून गेलेल्या सांबराचे असते. ताडोबात किंवा मेळघाटात पाहिलेल्या जनावराचे शिंग फ्लोरिडात घडलेल्या सुऱ्यावर हाती येते, तेव्हा मन थोडे थबकते. भारताने ती निर्यात बंद केली असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे भारतात सांबरशिंगाचा व्यापार करता येत नाही. त्यामुळे अशी मूठ असलेला सुरा भारतात नेण्याचा विचार करू नये. चामड्याच्या मुठीचा सुरा नेतानाही आधी कायदेशीर सल्ला घ्यावा. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे, घरगुती वा शेतीच्या कामासाठी नसलेले सुरे भारतीय शस्त्रनियमांच्या कक्षेत येतात.

डोळा तयार होण्यासाठी आपण चांगल्या ठिकाणी आहात. दर जूनमध्ये अटलांटातच ‘ब्लेड शो’ हे सुऱ्यांचे प्रदर्शन भरते आणि तेथे जुने रँडल एकाशेजारी एक ठेवून पाहता येतात. ऑर्लँडोचा कारखानाही मोटारीने सहा-सात तासांवर आहे. तेथील संग्रहालयात स्केगल यांचे सुरेही मांडलेले आहेत.

आता त्या कुटुंबाला आजच कळवावे की सुऱ्याला काहीही लावू नये, आहे तसाच ठेवावा. त्यांच्याकडून म्यानाच्या मागच्या बाजूचे, ठशाचे, मुठीच्या दोन्ही टोकांचे आणि म्यानात पूर्ण बसवलेल्या सुऱ्याचे छायाचित्र मागवावे. त्या सैनिकाचे नाव, त्याची पलटण, सुरा कोणत्या वर्षी मागवला हे घरच्यांना जितके आठवत असेल तितके त्यांच्याच हाताने एका कागदावर लिहून घ्यावे आणि त्याखाली तारीख घालण्यास सांगावे.