प्रशिक्षण कार्यक्रमाचं मूल्यमापन पाच जणांच्या छोट्या फर्मकडून करून घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमची संस्था शिक्षण अर्धवट सुटलेल्या तरुणांसाठी रोजगार-प्रशिक्षण चालवते, निधी देणाऱ्यांनी बाहेरच्या कुणाकडून तरी मूल्यमापन करून घ्यायला सांगितलंय, आणि तुमच्यासमोर दोन प्रस्ताव आहेत. एक मोठ्या नावाजलेल्या कंपनीचा, दुसरा पाच जणांच्या फर्मचा. छोट्यांवर विश्वास टाकावा का, आणि कार्यक्रम संपायला आठच महिने उरलेत म्हणजे उशीर झाला का, असं तुम्ही विचारलंय.

मी स्वतः अशाच एका छोट्या फर्ममध्ये काम करते. आम्ही सहा जण आहोत. तेव्हा माझं मत छोट्यांच्या बाजूने थोडं झुकलेलं असणार, हे धरूनच पुढचं वाचा.

दोन्ही प्रस्ताव जरा बाजूला ठेवा आणि आधी संस्थेतल्या लोकांना घेऊन एका प्रश्नावर बसा: या मूल्यमापनाचं उत्तर आल्यावर आपण काय वेगळं करणार आहोत? कार्यक्रम चालू ठेवायचा की थांबवायचा, हे ठरणार आहे? अभ्यासक्रम बदलायचा विचार आहे? की दुसऱ्या ठिकाणी हाच कार्यक्रम न्यायचाय? मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने १९६७ मध्ये मूल्यमापनाचे दोन हेतू वेगळे करून दाखवले. एक, चालू असलेलं काम सुधारण्यासाठी केलेलं. दुसरं, झालेल्या कामाचा निवाडा करण्यासाठी केलेलं. दोन्हींना लागणारी माहिती वेगळी, माणसं वेगळी, वेळही वेगळा. माझ्या अनुभवात जी मूल्यमापनं कपाटात पडून राहिली, त्यातली बहुतेक अहवाल वाईट होता म्हणून पडून राहिली नाहीत. कुठल्या निर्णयासाठी ती करायची हे कुणी ठरवलंच नव्हतं. ‘कार्यक्रमाचा प्रभाव तपासणे’ एवढं एक वाक्य कार्यकक्षेत, म्हणजे फर्मने काय करायचं याच्या कागदात, लिहिलेलं असतं आणि त्यावर सहा महिन्यांचं काम उभं राहतं.

निर्णय ठरला की फर्म निवडणं पुष्कळ सोपं होतं. काम सुधारण्यासाठी हवं असेल, तर छोटी फर्म बहुतेक वेळा सरस ठरते. असं का म्हणते, ते एका कामावरून सांगते.

काही वर्षांपूर्वी तुमच्यासारख्याच एका प्रशिक्षण कार्यक्रमाचं काम आमच्याकडे आलं होतं. संस्थेची मुख्य चिंता गळतीची होती. बरीच मुलं मध्येच सोडून जात होती आणि नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असा शेरा होता. संस्थेचा समज असा की मुलांना शिकवणं कंटाळवाणं वाटतं, म्हणून प्रशिक्षक बदलायचे. आमच्या आराखड्यात फक्त कोर्स पूर्ण केलेल्यांच्या मुलाखती होत्या. एका संध्याकाळी नोंदवही चाळताना माझ्या वरिष्ठांच्या लक्षात आलं, की बरीच नावं एकाच टप्प्यावर थांबतायत: यंत्रावरचं प्रात्यक्षिक संपलं की लगेच. त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः त्या मुलांना फोन लावायला सुरुवात केली. अर्धेअधिक नंबर बंद होते. जे लागले त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच गोष्ट सांगितली: यंत्र चालवता यायला लागलं तेव्हा काम मिळालं, मग उरलेले तीन महिने कशासाठी थांबायचं? संस्था ज्यांना अपयश म्हणून मोजत होती, त्यातले कितीतरी जण तिचं यश होते. पुढे चर्चा प्रशिक्षक बदलण्याची राहिली नाही, कोर्स दोन टप्प्यांत तोडून पहिल्या टप्प्यालाच प्रमाणपत्र देण्याची झाली.

मोठ्या कंपनीला हे सापडलं नसतं असं मी म्हणणार नाही. पण तिथे पुष्कळदा प्रस्ताव एक माणूस लिहितो, प्रश्नावली दुसरा करतो, मुलाखती रोजंदारीवर घेतलेली मुलं घेतात आणि अहवाल चौथाच माणूस आकडे बघून लिहितो. नोंदवही चाळणारा आणि आराखडा बदलण्याचा अधिकार असणारा माणूस एकच असणं, ही छोट्या फर्मची खरी ताकद. म्हणून प्रस्ताव वाचताना एक गोष्ट स्पष्ट विचारा: ज्यांची नावं आणि अनुभव इथे लिहिलाय, ते स्वतः किती दिवस आमच्या केंद्रांवर असतील? उत्तर दिवसांच्या आकड्यात घ्या आणि करारात लिहून घ्या.

आता छोट्यांच्या उणिवा. त्यासुद्धा तेवढ्याच खऱ्या आहेत.

पहिली, संख्याशास्त्राची. निम्म्याहून अधिक छोट्या फर्ममध्ये पूर्णवेळ संख्याशास्त्रज्ञ नसतो, असा माझा अंदाज. आमच्याकडेही नाही, गरज पडते तेव्हा बाहेरून घेतो. साधी टक्केवारी काढायची असेल, उदाहरणार्थ प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी किती जण आज कामावर आहेत, तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडलेले चारशेच्या आसपास लोक पुरतात. ९५ टक्के खात्रीने उत्तर पाच टक्के इकडेतिकडे येतं, आणि गंमत म्हणजे एकूण माणसं दहा हजार असोत की दहा लाख, हा आकडा फारसा बदलत नाही. पण दोन गटांमधला लहानसा फरक पकडायचा असेल, तर हेच चारशे अपुरे पडतात. हा भेद फर्मला समजावून सांगता येतो का ते पाहा. ‘आम्ही दहा टक्के नमुना घेतो’ असं कुणी म्हणालं, तर दहाच टक्के का, ते विचारा.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. छोट्या फर्मचं पोट दोन-चार ग्राहकांवर चालतं. नाराज झालेला एक ग्राहक तिला परवडत नाही. आम्हाला एकदा एका कामात मसुद्यातला निष्कर्ष ‘जरा सौम्य’ करायला सांगितलं गेलं. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना पुढच्या वर्षीच्या निधीची काळजी होती. आम्ही तो बदलला नाही, आणि त्या संस्थेचं काम पुन्हा आमच्याकडे आलं नाही. त्या वर्षी ते जाणवलं. तेव्हापासून आमच्या प्रत्येक करारात एक कलम असतं: मसुदा वाचून संस्था तथ्यातल्या चुका दाखवेल, त्या आम्ही दुरुस्त करू, निष्कर्षाशी मतभेद असेल तर तो संस्थेच्या शब्दांत अहवालाला जोडू, पण निष्कर्ष आमचाच राहील. तुमच्या फर्मने असं कलम स्वतःहून मांडलं तर चांगलं लक्षण समजा. नसेल मांडलं तर तुम्ही मांडा. त्यात तुमचंही रक्षण आहे, कारण अहवाल जुळवून आणलाय हे निधी देणाऱ्यांच्या लक्षात आलं, तर विश्वास तुमच्यावरचा जातो.

आता पद्धतीबद्दल थोडं सविस्तर, कारण फर्म लहान असो की मोठी, सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

‘आधी आणि नंतर’ एवढीच तुलना देणाऱ्या प्रस्तावापासून सावध राहा. याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याचं आहे. १९५५ साली तिथे रस्ते अपघातांत ३२४ माणसं दगावली. गव्हर्नर अब्राहम रिबिकॉफ यांनी वेगाने गाडी चालवणाऱ्यांवर कडक कारवाई सुरू केली, परवाने निलंबित होऊ लागले. १९५६ साली मृत्यू २८४ वर आले. चाळीस जीव वाचले, मोहीम यशस्वी, असं जाहीर झालं. डोनाल्ड कॅम्बेल आणि लॉरेन्स रॉस या दोन संशोधकांनी १९६८ मध्ये हेच आकडे पुन्हा उघडले. त्यांनी फक्त दोन वर्षं न बघता मागची-पुढची वर्षं एका रेषेवर मांडली आणि शेजारच्या राज्यांचे आकडेही बाजूला ठेवले. तेव्हा दिसलं की १९५५ हे वर्षच नेहमीपेक्षा फार वाईट होतं. आकडे मुळातच वरखाली होत असतात. एखादं वर्ष असं टोकाला गेलं की पुढचं वर्ष काहीही न करता बरंच खाली येतं. कारवाई सुरू झाली ती मुळी त्या वाईट वर्षामुळेच. म्हणजे कुठलाही उपाय केला असता, तरी तो लागू पडल्यासारखा दिसला असता.

हे तुमच्या कार्यक्रमात कुठे लपलेलं आहे ते बघा. तुमच्याकडे तरुण येतात ते आयुष्यातल्या सगळ्यात अडचणीच्या काळात: काम गेलेलं, शिक्षण सुटलेलं. वर्षभरानंतर त्यातल्या काहींचं तुमच्याशिवायही बरं चाललेलं असेल. ‘प्रवेशाच्या वेळी बेरोजगार, आता कामावर’ ही टक्केवारी सगळीच्या सगळी तुमच्या खात्यात जमा करता येत नाही. मग तुलना कुणाशी करायची? चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना प्रवेश, अर्ध्यांना नाही, ही पद्धत सगळ्यात भक्कम. पण ती सुरुवातीलाच ठरवावी लागते आणि तुमच्याकडे ती संधी आता नाही. दुसरा मार्ग मात्र तुमच्याकडे असू शकतो. ज्यांनी अर्ज केला पण जागा नसल्यामुळे ज्यांना घेता आलं नाही, त्यांची प्रतीक्षायादी आहे का? असेल तर तिला जपा. इच्छा, वय, परिस्थिती यांत ती माणसं तुमच्या विद्यार्थ्यांच्या पुष्कळ जवळची असतात.

दुसरी सापळ्याची जागा म्हणजे समाधानाचे प्रश्न. ‘तुम्हाला कार्यक्रमाचा उपयोग झाला का?’ याला लोक जवळजवळ नेहमी हो म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ साली डॉक्टर रिचर्ड कॅबट यांच्या पुढाकाराने केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांतल्या मुलांसाठी एक मोठं काम सुरू झालं. मुलांनी गुन्हेगारीकडे वळू नये म्हणून समुपदेशक घरी जात, अभ्यास घेत, आजारपणात मदत करत, उन्हाळी शिबिरांना पाठवत. एकसारख्या मुलांच्या जोड्या लावून, नाणं उडवून, जोडीतल्या एकाला मदत द्यायची असं ठरलं होतं. मदत १९४५ पर्यंत चालली. पुढे तीसएक वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्या ५०६ जणांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी ज्यांनी उत्तर दिलं, त्यातल्या दोन तृतीयांश लोकांनी सांगितलं की कार्यक्रमाचा आम्हाला फायदा झाला. पण नोंदी वेगळंच सांगत होत्या. गुन्हे कमी झालेले नव्हते, आणि दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, अकाली मृत्यू यांत मदत मिळालेल्यांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस अस्वस्थ होते. चांगल्या माणसांनी, चांगल्या मनाने, वर्षानुवर्षं केलेलं काम. जोड्या लावून ठेवल्या नसत्या तर हे कुणालाही कधी कळलं नसतं, आणि त्या दोन तृतीयांशांच्या आठवणी वाचून सगळ्यांनी तेच काम आणखी दहा ठिकाणी सुरू केलं असतं. लोकांचं म्हणणं ऐकायचं नाही, असा याचा अर्थ काढू नका. गटचर्चा आणि मुलाखतींतून काम कसं घडतं, कुठे अडतं, हे जितकं कळतं तितकं कुठल्याही आकड्यातून कळत नाही. माझा अर्धा दिवस त्यातच जातो. फक्त ‘उपयोग झाला का’ याचा पुरावा म्हणून समाधानाची टक्केवारी वापरू देऊ नका. निधी देणाऱ्यांना ती आवडते, तरीही.

तर आठ महिने. निवाड्यासाठी उशीर झालाय, सुधारण्यासाठी नाही. हे निधी देणाऱ्यांशी आत्ताच मोकळेपणाने बोला: सुरुवातीचं सर्वेक्षण झालेलं नाही, त्यामुळे प्रभावाचा ठाम आकडा कुणीच प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही, मोठी कंपनीसुद्धा नाही, त्याऐवजी कार्यक्रमाचा कुठला भाग चालतो, कुणासाठी चालतो, कोण गळतं आणि का, याची उत्तरं आम्ही देऊ. बहुतेक निधी देणारे हे समजून घेतात. माझी निवड या परिस्थितीत पाच जणांची फर्म असेल, ती दिवसांचा आकडा आणि ते कलम लिहून द्यायला तयार असेल तर.

आणि फर्म नेमेपर्यंत थांबू नका. या आठवड्यातच तीन याद्या एका ठिकाणी आणा: पूर्ण केलेले, मध्येच सोडलेले, आणि प्रवेश न मिळालेले. प्रत्येकाचा फोन नंबर लावून बघा, बंद असेल तर घरच्यांचा किंवा मित्राचा एक नंबर जोडा. कशासाठी फोन केला हे सांगा, पुढे कुणी बोलायला आलं तर चालेल का हेही विचारून ठेवा. नंबर महिन्यागणिक बंद होत जातात, आणि सगळ्यात आधी बंद होतात ते सोडून गेलेल्यांचे.