प्यूजोची ९एक्स८ ल माँ सोडून मोंझात का उतरली, आणि दोन वर्षांत तिला पंख का लावावा लागला?

तुमचा प्रश्न दोन भागांत आहे. गाडी जुलै २०२१ मध्ये जगाला दाखवली, तरी जून २०२२ची फ्रान्समधली ल माँ २४ तास शर्यत सोडून प्यूजोने ती महिन्याभराने, १० जुलैला इटलीतल्या मोंझाच्या ६ तासांच्या शर्यतीत का उतरवली? आणि 'मागचा पंखच नाही' म्हणून जिची एवढी चर्चा झाली, तिला २०२४ मध्ये पंख का लावला? पहिल्याचं उत्तर होमोलोगेशनमध्ये, म्हणजे शर्यतीसाठी गाडीला मिळणाऱ्या अधिकृत मंजुरीत आहे, दुसऱ्याचं टायरच्या रुंदीत. या दुसऱ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: गाडीची रेखाटनं एका नियमावलीवर झाली आणि ती धावली दुसऱ्याच नियमावलीत.

आधी होमोलोगेशन. हायपरकार या सर्वांत वरच्या वर्गातली गाडी पहिल्या शर्यतीआधी विंड टनेलमध्ये मोजली जाते, तिचे तपशील नोंदवले जातात आणि गाडी गोठते. त्यानंतर वेग वाढवणारा मोठा बदल करायचा तर 'एव्हो जोकर' खर्ची घालावा लागतो, आणि असे जोकर तेव्हा संपूर्ण मुदतीत मिळून पाचच होते. ९एक्स८च्या वेळी ही मुदत २०२५ अखेरपर्यंत होती, पुढे ती वाढवत नेली. म्हणजे गाडी अर्धवट तयार असताना ल माँला नेली असती, तर त्या अर्धवट अवस्थेतच ती वर्षानुवर्षं अडकली असती. गाडी प्रत्यक्ष ट्रॅकवर चाचणीला आली २०२१च्या अखेरीस, आणि त्या काळात जगभर सुट्या भागांची टंचाई होती. अशा वेळी ल माँ सोडणं चाहत्यांना कितीही झोंबलं तरी मला तो निर्णय बरोबरच वाटतो. ल माँ गेली, पण चाचणीला आणखी वेळ पदरात पडला.

तरीही मोंझात त्रास झालाच. एक गाडी बाद झाली, दुसरी बऱ्याच फेऱ्या मागे राहून कशीबशी शेवटपर्यंत पोचली. नव्या गाडीचं पहिल्या शर्यतीत असं होणं नवल नाही. खरी मेख टायरमध्ये होती.

एलएमएच, म्हणजे ९एक्स८ ज्यांवर बनली त्या 'ल माँ हायपरकार' नियमांत पुढच्या चाकांना विजेची मोटर, म्हणजे शर्यतीत चारही चाकांना ताकद, असलेल्या गाडीला टायरचे दोन पर्याय होते. एक, चारही चाकांना ३१ सेंटिमीटर रुंदीचे सारखे टायर. दोन, पुढे २९ आणि मागे ३४. प्यूजोने पहिला घेतला. टोयोटाच्या जीआर०१०नेही २०२१ मध्ये तोच घेतला होता, आणि त्यामागचा हिशेब सरळ होता. प्यूजोत मागे ५०० किलोवॉटपर्यंतचं २.६ लिटरचं ट्विन-टर्बो व्ही६ इंजिन, पुढे २०० किलोवॉटची मोटर. वळणातून बाहेर पडताना पुढची चाकंही ओढणार असतील तर मागे रुंद टायर कशाला? वजन पुढे-मागे जवळपास सारखं विभागायचं, म्हणजे चारही टायर सारखे झिजतील.

पण २०२० मध्ये एलएमएच आणि अमेरिकेतल्या एलएमडीएच या वेगळ्या नियमावलीच्या गाड्या एकाच शर्यतीत धावतील असं ठरलं. एलएमडीएचमध्ये हायब्रिड मोटर मागच्या चाकांवर असते, सगळ्यांना एकच, ५० किलोवॉटची, आणि टायर २९/३४. चारचाकी ओढीचा फायदा एकाच गटाला मिळू नये म्हणून पुढच्या मोटरवरची वेगाची अट कडक झाली: ठरावीक वेगाखाली ती ताकद देऊ शकत नाही. टोयोटाला २०२१ मध्ये ही मर्यादा कोरड्या ट्रॅकवर १२० किलोमीटर प्रतितास होती. २०२२ला टोयोटा २९/३४ वर गेली आणि मर्यादा १९० झाली. प्यूजो ३१/३१ वरच राहिली, तिला १५० मिळाली. ४० किलोमीटर आधी मोटर चालू करायची ही सवलत अरुंद टायरची भरपाई म्हणून होती.

कागदावर ही भरपाई पुरेशी वाटते. आता मोंझाची पहिली शिकेन (वेग कमी करायला लावणारी लागोपाठची उलटसुलट वळणं) किंवा ल माँचं आर्नाज वळण डोळ्यांसमोर आणा. तिथून गाडी शंभरच्या आतल्या वेगाने बाहेर पडते. १५० गाठेपर्यंत पुढची मोटर गप्प असते आणि सगळी ताकद मागच्या दोन ३१च्या टायरमधून जाते. शेजारच्या फेरारीला त्याच कामासाठी ३४चे टायर आहेत आणि तिचं वजनही मागे सरकवलेलं आहे. प्यूजोची मागची चाकं घसरतात, ट्रॅक्शन कंट्रोल ताकद कापतं, टायरचा पृष्ठभाग तापतो आणि स्टिंटच्या, म्हणजे दोन पिट थांब्यांमधल्या सलग धावेच्या, उत्तरार्धात पकड उतरते. ज्या मोटरच्या भरवशावर अरुंद टायर निवडले, ती नेमकी गरज असते तिथेच बंद.

याला जोडून जमिनीचा प्रश्न आला. नियमांनी डाऊनफोर्स (हवेने गाडीवर खाली पडणारा दाब) आणि हवेचा रोध या दोन्हींना एक चौकट घालून दिली आहे, तिच्या बाहेर जाण्यात फायदा नाही. त्यामुळे प्यूजोने जवळपास सगळा डाऊनफोर्स गाडीचा तळ आणि त्याच्या मागच्या टोकाचा वर चढणारा भाग, म्हणजे डिफ्यूझर, यांतून काढला. आकडे चौकटीत बसले, पंखाची गरज उरली नाही. पण तळातून मिळणारा डाऊनफोर्स गाडीच्या जमिनीपासूनच्या उंचीवर अवलंबून असतो. ती उंची स्थिर ठेवायला सस्पेन्शन कडक ठेवावं लागतं, आणि कडक सस्पेन्शनची गाडी वळणाच्या कडेच्या उंचवट्यांवर, म्हणजे कर्बवर, किंवा सेब्रिंगसारख्या खडबडीत ट्रॅकवर उसळते. उसळली की आधीच अरुंद असलेल्या मागच्या टायरची पकड आणखी जाते.

मग २९/३४ टायर नुसते बसवून का नाही भागत? लोकांना हा बदल चाकं बदलण्याइतका सोपा वाटतो, आणि घोडं तिथेच पेंड खातं. मागे रुंद टायर घातले की वजन मागे सरकवावं लागतं, नाहीतर पुढचे अरुंद टायर आधी संपतात. वजनात बॅलास्ट, म्हणजे मुद्दाम ठेवलेलं जादा वजन, असेल तर तो थोडा हलवता येतो, पण बॅटरी, इंजिन, टाकी जागची हलत नाहीत. वजन मागे गेलं की हवेच्या दाबाचा मध्यही मागे हवा, नाहीतर वेगवान वळणात मागची बाजू सुटते. तो मागे नेण्याचा सगळ्यात हमखास मार्ग म्हणजे मागचा पंख. शिवाय चाकांच्या कमानी, सस्पेन्शनची भूमिती, ब्रेकला हवा देणारे मार्ग, सगळंच बदलतं. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये इटलीतल्या इमोलाच्या शर्यतीत आलेल्या ९एक्स८चं बॉडीवर्क बहुतांशी नवीन होतं. 'पंख लावला, म्हणजे बिनपंखाची कल्पना फसली' असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. टायर बदलले आणि पंख त्यांच्यामागून आला. जुन्या रूपातली गाडी २०२३ला मोंझात तिसरी आली होती, आणि २०२४च्या कतारच्या शर्यतीत शेवटापर्यंत दुसऱ्या क्रमांकावर होती, अगदी शेवटी गाडीचा जोर गेला आणि ते स्थान हुकलं. गुळगुळीत ट्रॅकवर तिच्यात दम होता.

२०२३ पासून गाडीला लावण्याआधी टायर तापवण्यावर बंदी आली, तोही मधेच बदललेला नियम. बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर थंड टायरमुळे अपघात झाल्यावर त्या वर्षीच्या ल माँपुरती सूट द्यावी लागली. त्या मोसमात पदार्पण करणाऱ्या प्रत्येक गाडीला पिटमधून बाहेर पडल्यावरची पहिली फेरी नव्याने शिकावी लागली. बीओपीचं, म्हणजे वेगवेगळ्या गाड्या बरोबरीत आणण्यासाठी आयोजक करतात त्या फेरफारांचं, तसंच. २०२३च्या ल माँआधी थोडेच दिवस टोयोटावर ३७ किलो आणि फेरारीवर २४ किलो वाढवले, प्यूजोवर काहीच नाही. बीओपी वजन, ताकद आणि एका स्टिंटची ऊर्जा यांत फेरफार करतं, पण चुकीच्या रुंदीचा टायर किंवा गाडीचा उसळता स्वभाव त्याने दुरुस्त होत नाही.

उलट उदाहरण ॲस्टन मार्टिन वॅल्किरीचं. २०१९ला जाहीर झालेला हा प्रकल्प नियमांची दिशा बदलताच २०२०च्या सुरुवातीला थांबवला, २०२३ला पुन्हा हाती घेतला आणि गाडी २०२५ला कतारमध्ये उतरली. तोवर ५०० किलोवॉटची मर्यादा आणि टायरची मापं पक्की झाली होती. हायब्रिड नसल्यामुळे पुढच्या मोटरच्या वेगमर्यादेची भानगडच नव्हती. ६.५ लिटरच्या व्ही१२ला मात्र लगाम घालून कमी इंधनात चालवायचं कामच मोठं होतं. पदार्पणात ती मागे होती, पण त्याच वर्षी ल माँला दोन्ही गाड्यांनी शर्यत पूर्ण केली.

तेव्हा नवी गाडी पहिल्यांदा उतरेल तेव्हा फक्त निकाल पाहू नका. टायरची मापं बघा, पुढच्या मोटरची वेगमर्यादा बघा, मग संथ वळणातून बाहेर पडतानाचे सेक्टर टाइम (ट्रॅकच्या एकेका भागाला लागलेला वेळ) स्टिंटच्या सुरुवातीचे आणि शेवटचे ताडून बघा. फरक फक्त शेवटी वाढत असेल तर टायरवरचा भार चुकतोय, आणि तो सेटअपने थोडाफार आवरतो. पहिल्या फेरीपासूनच तेवढा फरक असेल तर दोष रेखाटनातला समजा. तिथे जोकर वापरल्याशिवाय गत्यंतर नसतं.