‘आवडलं का?’ हे शेवटी विचार

ठाणे

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

नौपाड्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये पंचवीसेक लोकांना बसवून पोलिश संगीतकार पेंडेरेत्स्कीची ‘थ्रेनडी’ ही आधुनिक रचना ऐकवायची आणि त्यांच्या प्रतिक्रिया टिपायच्या, हा तुझा बेत मला मनापासून आवडला. येणारे लोक कोण असतील, तेही तू नीट ओळखलं आहेस. राम मराठे महोत्सवाला नेमाने जाणारे, नाट्यसंगीत तोंडपाठ असलेले, तानपुरा उतरला की कपाळाला आठी पडणारे. हे कान तयार आहेत, म्हणूनच ते चिडणार आहेत. बहुतेकांच्या तोंडून पहिला शब्द निघेल ‘बेसूर’. त्या शब्दाला भिऊ नकोस आणि तो खोडूनही काढू नकोस. त्यामागे नेमकं काय ऐकू आलं ते बाहेर काढायचं, एवढंच तुझं काम आहे.

आधी रचना. 52 तंतुवाद्यं, 24 व्हायोलिन, 10 व्हिओला, 10 चेलो आणि सर्वांत खालच्या सुरांचे 8 डबल बेस. सुरुवातीलाच वादकांचे गट एकामागून एक शिरतात आणि प्रत्येक जण आपल्या वाद्यावर निघेल तो सर्वांत वरचा सूर जोरात वाजवतो. लिखित प्रतीत त्या जागी सुराचं नाव नसतं, एक काळा त्रिकोण असतो. प्रत्येकाचा ‘सर्वांत वरचा’ सूर किंचित वेगळा निघतो, आणि ती सगळी टोकं एकमेकांवर घासली जातात. पुढे घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या) पलीकडच्या तारांवर गज फिरतो, लाकडावर थापा पडतात. मग सुरांचे थर येतात, साधारण श्रुतीइतक्या बारीक अंतरावर, एकाला एक चिकटून. मात्रा नाहीत, खंड सेकंदांत मोजलेले आहेत. शेवटी सगळी 52 वाद्यं एकदम दणक्यात एकच जाड थर धरतात आणि तो सुमारे अर्धा मिनिट विरत जातो. तो शेवट कान देऊन ऐक. पहिल्या क्षणी तो भिंतीसारखा वाटतो, पण आवाज खाली येत जातो तसे आतले सूर हलताना जाणवतात.

या रचनेच्या नावाबद्दल तुला फार जपावं लागेल. 1960 साली लिहिली तेव्हा तिचं नाव नुसतं ‘8 मिनिटं 37 सेकंद’ होतं. ‘हिरोशिमाच्या बळींसाठी विलाप’ हे नाव नंतर आलं. निमंत्रणाच्या व्हॉट्सॲप मेसेजमध्ये तू हिरोशिमा लिहिलंस की तुझा सगळा प्रयोग तिथेच संपला. मग लोकांना विमान ऐकू येईल, सायरन ऐकू येईल, किंकाळ्या ऐकू येतील. त्याहून वाईट म्हणजे, ‘मला आवडलं नाही’ असं म्हणायची त्यांना लाज वाटेल. लाखभर माणसांच्या मरणावर नापसंती कोण दाखवणार? म्हणून पहिल्या वेळी नाव सांगू नकोस, संगीतकारही सांगू नकोस. चिठ्ठ्या लिहून घे, गोळा कर, आणि मगच नाव सांगून दुसऱ्यांदा ऐकव. दोन्ही वेळच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या कागदाच्या ठेव, म्हणजे घरी गेल्यावर घोळ होणार नाही. दोन्ही चिठ्ठ्यांतला फरक हीच तुझी खरी कमाई.

आता हॉल. बसायच्या जागेवरून एकदा टाळी वाजवून बघ. मागून खणखणाट आला, तर फरशी उघडी आहे. सतरंज्या अंथर, खिडक्यांना पडदे ओढ. पंखे बंद करावेच लागतील, कारण अगदी बारीक आवाजातले भाग पंख्याच्या घरघरीत बुडतात आणि लोकांना फक्त किंचाळणारे भाग ऐकू येतात. पंखे बंद करायचे म्हणजे बैठक डिसेंबर-जानेवारीत, सकाळी. मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद करून कोणालाही आधुनिक संगीत ऐकवू नये, प्रतिक्रिया उकाड्याची येईल. रस्त्याकडच्या खिडक्याही लाव, नाहीतर रिक्षाचा हॉर्न रचनेतलाच समजून कोणीतरी चिठ्ठीत लिहील.

मंडपवाल्याचा स्पीकर आणू नकोस. तो वरातीसाठी बनलेला असतो, त्याचा भोंगा वरचे सूर पत्र्यासारखे फेकतो. छोटा ब्लूटूथ स्पीकरही चालणार नाही, त्यातून डबल बेस गायब होतात. चांगले दोन स्पीकर, पहिल्या ओळीपासून दोनेक मीटरवर, कानांच्या उंचीला. मोबाइलवर ॲपमधून वाजवणार असशील तर आवाज आपोआप सारखा करणारं सेटिंग आणि इक्वलायझर दोन्ही बंद कर. ते सेटिंग गाण्यागाण्यातला फरक मिटवायला असतं, पण काही ॲप त्यासाठी मोठा आवाज दाबूनही टाकतात. पातळी ठरवताना रचनेचा सर्वांत जोराचा भाग लाव, मधल्या खुर्चीत बसून आवाज मोजणारं ॲप बघ. 85 डेसिबलच्या आसपास थांब. मोबाइलचा आकडा अचूक नसतो, म्हणून स्वतःच्या कानालाही विचार. एकदा ठरलं की बैठक संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

सुरू करण्यापूर्वी दोनच वाक्यं बोल. पहिलं, सुरुवात अचानक मोठ्याने होते. दुसरं, ज्यांना मायग्रेन आहे, कानात सतत आवाज येतो किंवा श्रवणयंत्र आहे, त्यांनी दाराजवळ बसावं आणि वाटेल तेव्हा उठून जावं. उठून जाणाऱ्याकडे कोणी वळून बघायचं नाही. त्यालाही चिठ्ठी दे, किती मिनिटांनी उठला तेवढंच लिहायला सांग. तीही प्रतिक्रियाच आहे, आणि बहुतेकदा सर्वांत प्रामाणिक.

चिठ्ठीवर काय विचारायचं? समोर सेकंदाचा काटा असलेलं मोठं घड्याळ ठेव. कुठल्या वेळी अंग आक्रसलं, कुठल्या वेळी लक्ष उडालं, कुठल्या वेळी परत ऐकू लागलात, हे तीन आकडे. मग एक प्रश्न: जे ऐकू आलं त्याचं वर्णन क्रियापदांनी करा. घासतंय, ओरबाडतंय, पसरतंय, वितळतंय, भुणभुणतंय. विशेषणं मागितलीस तर ‘भयानक’ आणि ‘अप्रतिम’ याच्या पलीकडे काही मिळत नाही. ‘आवडलं का?’ सर्वांत खाली, तेही ‘लिहायचं असेल तर’. वर ठेवलंस की माणूस आधी निकाल देतो आणि पुढची सगळी उत्तरं त्या निकालाच्या समर्थनार्थ लिहितो.

दोन्ही ऐकण्यांच्या मध्ये वीस मिनिटं ठेव. चहा द्यायचा तो तेव्हाच. त्या वेळात व्याख्यान देऊ नकोस, एक पेटी मांड. पांढरी एक (सप्तकातली पहिली पांढरी पट्टी) आणि तिच्या लगतची काळी एक एकदम दाबून धर, आधी खर्जाच्या सप्तकात, मग मध्य सप्तकात. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टी वाजवणारी सोय) बंद, एकच सूर-संच उघडा. खर्जात त्या दोन सुरांची कंपनं सेकंदाला साधारण 131 आणि 139, फरक आठाचा, म्हणून आवाज धडधडताना कानाला स्पष्ट कळतो. मध्य सप्तकात तोच फरक सेकंदाला पंधरा-सोळा होतो. ते ठोके वेगळे कळत नाहीत, त्यांची खरखर होते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने 1863 साली विसंवादाचं, म्हणजे सूर एकमेकांशी न जुळण्याचं, मूळ याच खरखरीत दाखवलं. लोकांनी पाच मिनिटांपूर्वी जे ‘ओरबाडतंय’ म्हणून लिहिलं, ते त्यांच्या डोळ्यांसमोर दोन पट्ट्यांतून निघतं.

आणि लगेच, न थांबता, कोणाला तरी तानपुऱ्यावर भैरव रागाचा आंदोलित (हळुवार झुलणारा) कोमल रिषभ लावायला सांग. षड्जापासून, म्हणजे ‘सा’पासून, अंतर जवळपास तेवढंच आहे. खोली ‘वा’ म्हणेल. मग कोणीतरी आपणहून विचारेल, की इथे गोड का वाटलं? उत्तर त्यांनाच शोधू दे, पण तुला माहीत असू दे: भैरवात रिषभ षड्जाकडे झुकतो, आपण त्याच्या परतण्याची वाट बघतो आणि तो परततो. ‘थ्रेनडी’त परतायला षड्जच नाही. तालाची समही नाही. आपला श्रोता या दोन खुंट्यांना धरून बसतो, त्या दोन्ही काढून घेतल्या की त्याला संगीतच काढून घेतल्यासारखं वाटतं. म्हणून दुसऱ्यांदा ऐकताना त्याला दुसरं काहीतरी धरायला दे. थर जाड आहे की पातळ, वर आहे की खाली, दाटतोय की विरतोय, एवढंच ऐका म्हणून सांग. पत्र्याच्या शेडवर पाऊस वाढताना आपण सम शोधत नाही, तरी पाऊस वाढला, सरकला, थांबला हे नेमकं कळतं. तोच कान वापरायचा.

‘विसंवाद निसर्गतःच वाईट’ असं कोणी ठासून म्हणेल. त्याला एवढं सांग की बोलिव्हियाच्या जंगलातल्या चिमाने लोकांबरोबर केलेला अभ्यास 2016 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. आवाजातली नुसती खरखर त्यांनाही नकोशी वाटली, पण विसंवादी स्वरजोड्या त्यांना संवादी जोड्यांइतक्याच बऱ्या वाटल्या. म्हणजे खरखर कानाची आहे आणि नावड बरीचशी सवयीची.

‘हे तर कोणीही वाजवेल’ हा आक्षेपही येणार. वाद घालू नकोस. वेगळ्या वाद्यवृंदाचं दुसरं ध्वनिमुद्रण तयार ठेव आणि शेवटचा थर दोन्हींतून ऐकव. तोच थर, तसाच विरत जाणारा, म्हणजे ते सगळं लिहिलेलं आहे. आणि ‘भुताच्या सिनेमातलं वाटतं’ म्हणणाऱ्याला हसू नकोस. असे सूर आपण सगळे सिनेमातूनच शिकलो आहोत, त्यामुळे त्याचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. काही जण ऐकताना खुदखुदतील. तीही अस्वस्थता असते, टोकू नकोस.

गोंधळ झालाच तर धीर सोडू नकोस. 1913 साली 31 मार्चला व्हिएन्नात संगीतकार शोनबर्गने चालवलेली नव्या संगीताची मैफल भांडणांमुळे अर्धवट सोडावी लागली, आणि 29 मेला पॅरिसमध्ये संगीतकार स्त्राविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’ या नृत्यनाट्याला एवढा गदारोळ झाला की वाद्यवृंद ऐकू येईना. पण पॅरिसचा राग नाचावरही होता. पुढच्याच वर्षी तीच रचना नाचाशिवाय, त्याच वाद्यवृंद-संचालक मोंतेच्या हाताखाली वाजली तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतली. शोनबर्ग यातून जे शिकला ते त्याने 1918 मध्ये व्हिएन्नातल्या आपल्या खाजगी मंडळात नियम म्हणून लावलं: कार्यक्रमात काय आहे ते आधी सांगायचं नाही, रचना पुन्हापुन्हा वाजवायच्या, टाळ्या नाहीत, निषेध नाही, समीक्षकांना प्रवेश नाही. तुझ्या बैठकीला यातला टाळ्यांचा नियम जरूर लाव. पहिल्या दोन टाळ्या कोण वाजवतो यावर उरलेल्या तेवीस चिठ्ठ्या बदलतात.

एकाच दिवशी दोन रचना ठेवण्याचा मोह मात्र आवर. संगीतकार लिगेटीची ‘ॲटमॉस्फिअर्स’ ही वाद्यवृंदाची रचना महिन्याभराने ठेव, त्याच लोकांसाठी. तिच्यातही पाच सप्तकांहून जास्त पसरलेला सुरांचा थर आहे, पण तो अगदी बारीक आवाजात सुरू होतो. पुढे पिकोलो (छोट्या, उंच सुराच्या बासऱ्या) वरवर चढत टोकाला जातात आणि अचानक तळातून डबल बेस येतात. 22 ऑक्टोबर 1961 ला जर्मनीतल्या डोनाउएशिंगनला ती पहिल्यांदा वाजली तेव्हा श्रोत्यांनी लगेच पुन्हा वाजवायला लावली. तिथे आवाजाची पातळी पिकोलोंवर ठरव, बारीक आवाजातल्या सुरुवातीवर ठरवलीस तर लोक कानांवर हात ठेवतील.

त्या दिवशी पहिल्या बैठकीच्या चिठ्ठ्या बरोबर घेऊन जा, पण नवी लिहून झाल्याशिवाय जुनी कोणाच्या हातात देऊ नकोस.

कळावे, लोभ असावा.